नव्या यंत्रावर जुना साज

स्पोर्ट बाइकवरचा माणूस ज्या फुगीर भागावर पोट टेकून वाकलेला असतो, त्याला सगळेच टाकी म्हणतात. पंपावरचा मुलगाही त्यावरचंच झाकण उघडून पेट्रोल भरतो. पण चार स्क्रू सोडवून वरचं कवच उचललं, तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक सुपरस्पोर्ट गाड्यांच्या त्या फुगवट्याच्या पुढच्या भागात पेट्रोल नसतंच. तिथे काळ्या प्लास्टिकचा मोठा डबा असतो, एअरबॉक्स. इंजिनाला लागणारी हवा आधी त्यात साठते, गाळली जाते आणि तिथून सरळ खाली सिलिंडरांत उतरते. पेट्रोल मागे ढकललेलं असतं, बरंचसं सीटच्या दिशेने खाली सरकलेलं.

ही रचना हुशारीची आहे. हवा इंजिनात वरून सरळ आली की तिचा मार्ग वाकडा होत नाही, आणि वेगात असताना पुढच्या नळ्यांतून येणारी हवा थोडी दाबानेही भरली जाते. पेट्रोलचं वजन गाडीच्या मध्याजवळ राहिल्याने टाकी भरलेली असो वा रिकामी, वळणावर गाडीचा स्वभाव फारसा बदलत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर याला तोड नाही. पंचाईत होते ती अशीच गाडी घेऊन एखादा मालक गॅरेजमध्ये येतो आणि मोबाइलवर १९७० च्या दशकातल्या बाइकचा फोटो दाखवून म्हणतो, ‘अशी करून द्या.’

त्या फोटोतल्या गाडीचं देखणेपण एका रेषेवर उभं असतं. टाकीची खालची कड, सीट आणि मागची शेपटी अशी ती जमिनीला जवळजवळ समांतर धावते. कस्टम काम करणारे तिला ‘बोन लाइन’ म्हणतात. ही रेषा कुणी चित्रकाराने आखलेली नव्हती. चासीचा एक जाड नळ इंजिनावरून मागे जायचा, त्यावर टाकी खोगिरासारखी बसायची आणि त्याच उंचीवर मागे सीट बोल्टने आवळलेली असायची. खाली इंजिन उघडं, त्याला थंड ठेवणाऱ्या पट्ट्या म्हणजे फिन्स दिसणाऱ्या. मागे कार्ब्युरेटर. सीटखालच्या तिकोनी झाकणामागे एअर फिल्टर आणि बॅटरी. कुठला भाग कशासाठी आहे ते पोरसवदा मेकॅनिकलाही दिसून समजायचं.

आजच्या स्पोर्ट बाइकमध्ये चासी इंजिनावरून जात नाही, दोन रुंद अॅल्युमिनियमच्या तुळया त्याच्या दोन्ही अंगांनी जातात. नाक खाली, शेपूट वर. इंजिन रेडिएटर आणि रबरी नळ्यांच्या आड. अशा गाडीचा पुढचा टोकदार दिवा काढून तिथे गोल हेडलाइट बसवला की गाडी ‘व्हिंटेज’ होते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. सिमेंटच्या सोसायटीला वाड्याचा दिंडी दरवाजा लावावा तसं ते दिसतं. ज्यांना हे काम खरोखर जमलं, त्यांनी सुरुवात दिव्यापासून केली नाही. ते आधी चासीकडे गेले, निदान त्या रेषेकडे तरी.

जुन्या रूपातली प्रत्येक गोष्ट कशी आली हे पाहिलं, की नव्या गाडीवर काय आणावं आणि काय आणू नये याचा अंदाज येतो. त्यासाठी लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर जावं लागतं. तिथे १९३८ मध्ये एस कॅफे सुरू झाला, मुळात ट्रकवाल्यांसाठी. महायुद्धात तो बॉम्बहल्ल्यात पडला आणि १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. रात्रभर उघडं राहणारं ते ठिकाण युद्धानंतर हातात थोडे पैसे आलेल्या तरुणांनी आपलं केलं. ताशी शंभर मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, गाठणं ही त्यांची प्रतिष्ठा. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचं आणि गाणं संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून परत यायचं, अशी एक गोष्ट त्या काळाबद्दल नेहमी सांगितली जाते. ती सांगणारे फार आहेत, पाहिलेले कमी.

या मुलांना शर्यतीची गाडी परवडत नव्हती, म्हणून रोजच्या गाडीतून ती घडवायची. रुंद हँडल काढून फोर्कच्या नळ्यांना खालच्या बाजूला दोन तुकडे आवळायचे. ते क्लिप-ऑन. हात खाली गेले की पाय मागे न्यावे लागतात, नाहीतर गुडघे आणि कोपर एकमेकांना आपटतात, म्हणून फूटपेग मागे. गाडी जोरात पुढे झेपावताना माणूस मागे घसरू नये म्हणून सीटच्या टोकाला उंचवटा. मडगार्ड कापलेलं, कारण वजन. या यादीत शोभेसाठी केलेलं जवळजवळ काहीच नाही, आणि तरी पुढे साठ वर्षं जगभर शोभा म्हणून तिचीच नक्कल होत राहिली.

त्यांची सगळ्यात मानाची गाडी कुठल्याच कंपनीने काढलेली नव्हती. नॉर्टनची ‘फेदरबेड’ चासी १९५० मध्ये शर्यतीत आली. मॅकँडलेस बंधूंनी रचलेली ही चासी त्या काळात रस्ता धरून ठेवण्यात अव्वल मानली जाई. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये ५०० सीसी इंजिनांच्या छोट्या फॉर्म्युला थ्री रेसकार जोरात होत्या आणि त्यांना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असे. नॉर्टन सुटं इंजिन विकेना. मग कारवाले अख्खी मोटरसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून कारमध्ये घालायचे आणि रिकामी चासी विकून टाकायचे. त्या चासीत कुणीतरी ट्रायम्फचं दमदार जोडसिलिंडर इंजिन बसवलं आणि ‘ट्रायटन’ जन्माला आली. एका कारखान्याच्या आडमुठेपणातून निघालेली ही संकरित गाडी आजही ‘कॅफे रेसर’चा, म्हणजे कॅफेवाल्या पोरांनी घडवलेल्या अशा गाड्यांचा, मूळ नमुना मानतात. चांगली चासी आधी आणि बाकी सगळं नंतर, हा क्रमही तिथलाच.

वारा कापणाऱ्या कवचाची, म्हणजे फेअरिंगची, कथा निराळी. १९५० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांना पुढचं चाकही झाकून टाकणारं मोठं कवच असे. आडव्या वाऱ्यात ते धोकादायक ठरत होतं. १९५७ चा हंगाम संपल्यावर आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने त्यावर बंदी आणली आणि पुढचं चाक उघडं ठेवणारं, आटोपशीर, गोल नाकाचं फेअरिंग रूढ झालं. रेट्रो गाड्यांवर आज दिसतं ते हेच नाक, म्हणजे एका नियमाचं अपत्य. रस्त्यावरच्या गाडीला कारखान्यातूनच छोटं फेअरिंग लावून ते लोकप्रिय करण्याचं श्रेय बीएमडब्ल्यूच्या १९७३ च्या आर-९०-एसला द्यावं लागतं. तिचा आराखडा हान्स मुथ यांचा. धुरकट छटांचा तिचा रंग हाताने फवारलेला असे, त्यामुळे कुठल्याही दोन गाड्या अगदी सारख्या नसत.

आणि मग जपान. होंडाची सीबी-७५० १९६९ मध्ये आणि कावासाकीची ९०३ सीसीची झेड-१ १९७२ मध्ये आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, पुढचं चाक १९ इंची, मागचं १८ इंची आणि टायर आजच्या मानाने सडपातळ. डोळे मिटून ‘जुनी मोठी बाइक’ म्हटलं की जगातल्या बऱ्याच लोकांसमोर या दोहोंपैकी एक उभी राहते.

आधुनिक यंत्राला हे रूप देण्याचा एक मोठा, धीट प्रयत्न डुकाटीने केला. शैलीकार पिएर तेरब्लांश यांची एमएच-९००-ई ही माइक हेलवूड यांच्या सन्मानार्थ काढलेली गाडी होती. हेलवूड अकरा वर्षांच्या खंडानंतर १९७८ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरले आणि डुकाटीवर जिंकले, हे मोटरसायकलच्या इतिहासातल्या अचाट पुनरागमनांपैकी एक. १ जानेवारी २००० रोजी डुकाटीने या गाडीची विक्री थेट इंटरनेटवर खुली केली. त्या काळात लोक इंटरनेटवर पुस्तक घ्यायलाही कचरत होते, पण गाडीला झुंबड उडाली. धीर आलेल्या डुकाटीने पुढे २००५-०६ च्या सुमारास स्पोर्टक्लासिक मालिका काढली. तिच्यातली पॉल स्मार्ट १००० ही १९७२ च्या इमोला २०० शर्यतीतल्या स्मार्ट यांच्या विजयाची आठवण. ९९२ सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन असल्यामुळे रेडिएटर लपवायचा प्रश्न नव्हता आणि नळ्यांची जाळीदार चासी मुळातच उघडी दाखवण्याजोगी होती. रेषा आपोआप जुळली. तरीही त्या वेळी गाड्या शोरूममध्ये रेंगाळल्या आणि काही वर्षांत मालिका बंद झाली. आज तिची किंमत ऐकून तेव्हाचे विक्रेते हळहळत असतील.

बीएमडब्ल्यूने धडा वेगळा घेतला. मे २०१३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी, व्हिला देस्तेच्या देखण्या गाड्यांच्या मेळ्यात, त्यांनी ‘कन्सेप्ट नाइंटी’ मांडली. आर-९०-एसला नारिंगी रंगातला हा सलाम कॅलिफोर्नियातल्या रोलंड सँड्स यांच्या कार्यशाळेबरोबर घडवला होता. त्याच वर्षअखेरीस आलेली आर नाइन-टी मात्र त्या नमुन्याची सरळ नक्कल नव्हती. इंजिन ११७० सीसीचं, हवेवर आणि तेलावर थंड होणारं जुन्या वळणाचं. पुढचा फोर्क कंपनीच्या सुपरबाइकच्या घराण्यातला. पण खरी गंमत न दिसणाऱ्या दोन गोष्टींत होती. मागे बसणाऱ्याचा भार घेणारी चासी बोल्ट सोडवून वेगळी करता येत होती, आणि इंजिनाचं वायरिंग व बाकी गाडीचं वायरिंग वेगवेगळं ठेवलं होतं. म्हणजे दिवे-इंडिकेटर बदलताना इंजिनाच्या मेंदूला हात लावायचं कारण नाही. कारखान्याने गाडी विकताना ती उद्या कुणीतरी कापणार-जोडणार आहे हे आधीच गृहीत धरलं होतं.

यामाहानेही तोच मार्ग धरला. त्यांच्या ‘यार्ड बिल्ट’ उपक्रमात वेगवेगळ्या देशांतल्या कस्टम कारागिरांना नवी गाडी हवाली केली जाई. शिन्या किमुरा हे त्यातले मोठे नाव. पूर्वी जपानात झीरो इंजिनीअरिंग चालवणारे किमुरा नंतर कॅलिफोर्नियातल्या अझुसा गावी स्थायिक झाले आणि धातू हाताने ठोकून गाड्या घडवू लागले. त्यांनी एमटी-०७ या आधुनिक, काटेकोर गाडीवर केलेलं काम पाहिल्यावर २०१५ मध्ये तिच्यावरूनच एक्सएसआर-७०० बाजारात आली. तिचीही मागची चासी सुटी होते. थोरल्या एक्सएसआर-९०० ला टाकीवर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आवरणं दिली. ती बोल्टने बसवलेली असल्यामुळे रंगाचा कंटाळा आला की फक्त आवरण बदलायचं, पेट्रोलच्या टाकीला धक्का नाही. टाकी ही टाकी नसण्याची अडचण त्यांनी अशी कामाला लावली.

कावासाकीची झेड-९००-आरएस या सगळ्यांत मनोरंजक. २०१७ च्या टोकियो प्रदर्शनात ती दाखल झाली. आधार ९४८ सीसीच्या झेड-९०० चा, म्हणजे टोकदार, रागीट चेहऱ्याच्या एका आजच्या गाडीचा. पण थेंबासारखी टाकी आडवी बसावी म्हणून कावासाकीने चासीचा वरचा भागच बदलला. इंजिनाची ताकद १२५ वरून १११ पीएसवर आणली आणि ती कमी वेगात जास्त जाणवेल अशी बांधली. एक्झॉस्टच्या आवाजावर स्वतंत्र काम केलं. एवढं करून पाण्यावर थंड होणाऱ्या त्या इंजिनाच्या हेडवर बारीक फिन्स ओतल्या, ज्यांची इंजिनाला गरज नाही. काही शुद्धतावादी मंडळींना त्या फिन्स म्हणजे फसवणूक वाटते. ती आहेच. पण चासी बदलण्याचे कष्ट घेतलेल्या माणसाला थोडी पावडर लावायची मुभा द्यायला हरकत नसावी. उलट, फक्त पावडर लावून चासी तशीच ठेवणारे जास्त आहेत आणि त्यांचं पितळ बाजूने पाहिलं की उघडं पडतं.

या नियमाला एक सणसणीत अपवाद आहे. एमव्ही अगुस्ताने नोव्हेंबर २०१८ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ‘सुपरव्हेलोचे’ मांडली आणि सपाट रेषेचा सगळा हट्टच बाजूला ठेवला. खाली एफ-३ ही कडक सुपरस्पोर्ट, ७९८ सीसीची, तीन सिलिंडरांची. नाक खाली आणि शेपूट वर तशीच. तरी ती गाडी जुनी वाटते, आणि निव्वळ नक्कल वाटत नाही. कारण आकारमान. १९७० च्या दशकात जाकोमो अगोस्तिनी ज्या एमव्हींवर जिंकत होते, त्यांच्या फेअरिंगला कोपरे नव्हते, फुगीर पोट होतं. सुपरव्हेलोचेवर तीच गोलाई आली, मध्ये एकच गोल दिवा, टाकीवरून चामड्याचा पट्टा, आणि एक्झॉस्टच्या तीन नळ्या उजवीकडे दोन, डावीकडे एक अशा विषम. पट्ट्याचा उपयोग शून्य. पण कुठे थांबायचं हे कळलेल्या हाताने तो लावला आहे. यामाहानेही नंतर असंच केलं. २०२३ च्या गुडवूड उत्सवात डीबी-४० नावाचा नमुना दाखवून त्यांनी स्वतःच्या डेल्टाबॉक्स चासीची चाळिशी साजरी केली आणि त्यातून एक्सएसआर-९००-जीपी आली. तिचं रूप १९८० च्या दशकातल्या ग्रां प्री गाड्यांचं, जेव्हा रुंद अॅल्युमिनियमची तुळई आणि वर उचललेली शेपूट आधीच आली होती. कुठल्या दशकात शिरायचं ते नीट निवडलं, तर आधुनिक चासीशी भांडावंच लागत नाही. आजच्या स्पोर्ट बाइकसाठी १९६० पेक्षा १९८० जवळचं आहे.

कारखान्यांकडे मोठं बळ असतं. एकट्या गॅरेजमध्ये हे काम कसं चालतं?

अनुभवी कारागीर गाडी बरोबर बाजूने, इंजिनाच्या उंचीवर कॅमेरा धरून टिपतो. त्या फोटोवर पारदर्शक कागद ठेवून रेषा ओढून पाहतो. टाकीचं कवच दोन बोटं खाली आलं तर? शेपूट चार अंशांनी उतरवली तर? मग पुठ्ठा, थर्मोकोल किंवा मॉडेलिंगची माती गाडीवर चढते आणि बरेच दिवस गाडी विद्रूप दिसते. आकार पसंत पडला की फायबरचा साचा, नाहीतर अॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून, चाकांच्या यंत्रात फिरवून गोलाई. लंडनच्या डीबोलेक्सने डुकाटी मॉन्स्टर १२०० वर अशी एक मर्यादित मालिका केली, कार्बन फायबरच्या कवचाची. अमेरिकेतले वॉल्ट सीगल दुसऱ्या टोकाला गेले. त्यांच्या ‘लेज्जेरो’ गाड्यांत डुकाटीचं हवेवर थंड होणारं इंजिन आहे, चासी मात्र त्यांनी स्वतः जोडलेली. ट्रायटनवाल्यांचा वारसा खरा इथे दिसतो.

टाकी बदलायची म्हटली की पेट्रोल पंपाचा प्रश्न येतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल वजनाने खाली यायचं, नळी जोडली की झालं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि तो ज्या पट्टीवर बसतो, तिच्यातून दाबाखालचं पेट्रोल झिरपता कामा नये. जुन्या गाडीची टाकी आणून बसवणाऱ्यांना तिच्या पोटात हा पंप बसवायला अर्धं पोट कापावं लागतं. म्हणून समजदार लोक मूळ टाकी आणि एअरबॉक्स तसेच ठेवून वर नवं कवच चढवतात. एअरबॉक्स काढून चार सुटे फिल्टर लावले की गाडी फोटोत झकास दिसते, पण त्या डब्याचं घनफळ इंजिनाच्या श्वासाशी जुळवलेलं असतं. ते गेलं की मधल्या वेगात गाडी अडखळते आणि मालक इंजेक्टरला दोष देतो.

मोह मागच्या शॉकअबचाही होतो. जुन्या गाडीला दोन शॉकअब दोन बाजूंना, नव्या गाडीला एकच, मध्ये लपलेला. दोन लावले की रूप खुलतं खरं. पण मोनोशॉकच्या गाडीत चाकाचा धक्का मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममधून एका ठराविक जागी चासीत उतरतो, तिथलाच धातू त्या भाराला जाड केलेला असतो. स्विंगआर्मच्या टोकाजवळ आणि मागच्या हलक्या चासीवर शॉकअबचे कान वेल्ड करणं म्हणजे भार नसलेल्या जागी भार देणं. हा बदल न केलेलाच बरा.

टायरबाबत तडजोड अटळ आहे. आजच्या मोठ्या स्पोर्ट बाइकला दोन्ही चाकं १७ इंची आणि मागचा टायर बहुधा १८० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतो. या रुंदीमुळे मागून पाहताना जुनेपण चटकन मोडतं. बारीक टायर आणि १९ इंची पुढचं चाक लावता येतं, पण चाकाचा घेर बदलला की एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचं गणित बिघडतं, कारण दोन्ही यंत्रणा चाकाच्या फिरण्यावरून वेग ओळखतात. महागड्या गाड्यांत गाडी किती कलली ते मोजणारा सेन्सरही असतो. तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनातच बसला पाहिजे. वायरिंग सुटसुटीत दिसावं म्हणून तो सीटखाली आडवा चिकटवला, की गाडीला वाटतं, आपण कायमच वळणावर आहोत. चाकांच्या बाबतीत म्हणूनच १७ इंची, पण आऱ्यांचं ट्यूबलेस चाक, हा मधला मार्ग बहुतेक जण निवडतात.

सायलेन्सरच्या नळीला गुंडाळलेली पांढरी-तपकिरी पट्टी हे या पंथाचं गंधच झालं आहे. शर्यतीत तिचा उपयोग होता, उष्णता नळीत राहावी म्हणून. रस्त्यावरच्या गाडीत ती पाणी धरून ठेवते. एखाद्या कोकणी पावसाळ्यानंतर ती सोडून पाहिली तर साध्या लोखंडी नळीचं काय झालेलं असतं ते सांगायला नको.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध फक्त हौसेचा नाही, कारखानदारीचा आहे. बजाजच्या चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या ३९० ड्यूक आणि आरसी ३९० बनतात, आणि भारतातल्या तरुण कारागिरांचा हात बसतो तो अनेकदा अशाच गाड्यांवर, कारण जुन्या बाजारात त्या परवडतात. नळ्यांची जाळीदार चासी उघडी टाकली तरी छान दिसते. २०१७ पासूनच्या ड्यूकची मागची चासी बोल्टने जोडलेली असल्याने मूळ भाग न कापता नवी बनवता येते. कापलेली चासी पुन्हा जोडली तरी आरटीओच्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या नजरेत भरते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

याच ड्यूकवरून कारखान्यानेच एक आदर्श घालून दिला आहे. स्वीडिश मूळ असलेल्या हुस्कवार्नाची १९५५ ची ‘सिल्व्हरपिलेन’ ही अवघ्या ७५ किलोंची गाडी होती, कारण तिथल्या कायद्याने सोळा वर्षांच्या मुलांना त्याहून जड मोटरसायकल चालवायची परवानगी नव्हती. तिच्या स्मरणार्थ ऑस्ट्रियातल्या किस्का या शैलीसंस्थेने ड्यूकच्या चासीवर विटपिलेन आणि स्वार्टपिलेन रचल्या. २०१४ ला नमुना आणि २०१८ ला विक्री. जुन्या गाडीचा एकही भाग त्यांनी उचलला नाही. फक्त वजनाचा हलकेपणा, टाकी-सीटची एकसंध रेघ आणि गोल दिवा. पुढे या गाड्याही चाकणलाच बनू लागल्या आणि त्यांच्या २५० सीसीच्या आवृत्त्या २०२० मध्ये भारतात विकायला आल्या.

कायद्याचं कुंपण मात्र इथे बरंच उंच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवताना हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद हवी. १७५ सीसीवरच्या दुचाकीच्या आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. जप्त केलेले फटाकेबाज सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, हे दृश्य राज्यातल्या वाचकांना नवं नाही. त्याहून कमी माहीत असलेली अडचण म्हणजे मागे बसणाऱ्याच्या सोयीचा नियम. हाताला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय नियमांत सांगितलेलं आहे. साडी गार्ड म्हणतात ते हेच. एस कॅफेच्या पोरांची एकट्याची उंचवट्याची सीट आणि कापलेलं मडगार्ड या नियमाशी सरळ टक्कर घेतात. म्हणून इथले जाणते कारागीर मूळचे सुटे भाग खोक्यात जपून ठेवायला सांगतात आणि बदल करताना नवं वेल्डिंग टाळून मूळच्या बोल्टच्या जागाच वापरतात.

क्लिप-ऑनचं गणितही आपल्या रस्त्यांवर उलटं पडतं. ताशी १२० च्या वेगात छातीवर येणारा वारा धडाचा भार उचलतो, म्हणून खाली वाकलेला चालक आरामात असतो. हिंजवडीच्या रांगेत वारा नसतो. सगळा भार दोन मनगटांवर. हुस्कवार्नाने २०२४ च्या नव्या विटपिलेन ४०१ वरून क्लिप-ऑन काढलेच आणि हँडल वर आणलं, ते काही फक्त भारतासाठी नव्हे. पण बजाजनेच चाकणला बनवलेली ट्रायम्फची थ्रक्स्टन ४०० ऑगस्ट २०२५ मध्ये आली ती क्लिप-ऑन, मागे सरकलेले फूटपेग आणि गोल दिव्याभोवती बुडबुड्यासारखं अर्धं फेअरिंग घेऊन. खाली इंजिन तेच, जे दोन वर्षांपूर्वी सरळ बसून चालवायच्या स्पीड ४०० मध्ये आलं होतं.